तीन मशीनं, एक कीबोर्ड: अक्षरजुळणीच्या टेबलावर कीक्रोन के१०

पुस्तकाच्या श्रेयनामावलीच्या पानावर मुखपृष्ठ, मुद्रक यांच्या खाली बारीक टायपात ‘अक्षरजुळणी’ अशी एक ओळ असते. ते काम मी सांगलीत गेली सव्वीस वर्षं करते. गणपती पेठेजवळ दहा बाय बाराची खोली, मी, मदतीला एक मुलगी, आणि तीन कॉम्प्युटर. हे तिन्ही कॉम्प्युटर तीन जातींचे आहेत आणि तिन्ही लागतात. त्यांच्यासाठी एकच कीबोर्ड शोधण्यात माझं जवळजवळ एक वर्ष गेलं, दोन प्रयोग फुकट गेले. शेवटी जो घेतला तो गेले दहा महिने रोज सात-आठ तास हाताखाली आहे. माझ्यासारखं काम करणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आधी मशीनांचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

पहिलं मशीन विंडोज एक्सपीचं. त्यावर पेजमेकर ७.० हे पुस्तकाची पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर आहे. ही आवृत्ती २००१ साली आली, तिच्यानंतर पेजमेकरची नवी मोठी आवृत्ती आलीच नाही. एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१४ मध्ये काढून घेतला. तरी हे मशीन मी टाकू शकत नाही. युनिकोड, म्हणजे सगळ्या मशीनवर अक्षरं सारखी ठेवणारी पद्धत, येण्याआधीच्या काळात जुळवलेली शेकडो पुस्तकं त्यावर आहेत, त्या वेळच्या मराठी फॉन्टांमध्ये. ते फॉन्ट डोंगल, म्हणजे मशीनला खुपसायची परवान्याची किल्ली, लावल्याशिवाय उघडत नाहीत. प्रकाशकाला वीस वर्षांनी दुसरी आवृत्ती काढावीशी वाटली की तो माझ्याकडेच येतो, आणि मूळ पान त्या एकाच मशीनवर जसंच्या तसं दिसतं. त्याला इंटरनेट जोडलेलं नाही, जोडणारही नाही.

दुसरा मॅक मिनी. नवी पुस्तकं सगळी इनडिझाइन या पानं मांडायच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये, युनिकोडमध्ये, त्याच्यावर. तिसरा विंडोज ११ चा लॅपटॉप. लेखकांच्या वर्ड फायली, ईमेल, बिलं आणि जीएसटी त्याच्यावर.

तर टेबलावर तीन कीबोर्ड होते. लॅपटॉपचा त्याचा स्वतःचा, मॅकचा पुढे, एक्सपीचा त्याच्यामागे, मॉनिटरला टेकवून. मागच्यावर लिहायचं तर हात लांब करून, मनगट उचलून. वर्षभरात उजवं मनगट इतकं दुखायला लागलं की कणीक मळायची वेळ आली तरी विचार करावा लागे. पण मनगटापेक्षा मोठी गोष्ट दुसरीच झाली. डोळे एका स्क्रीनवर आणि हात दुसऱ्या कीबोर्डवर. एकदा मॅकवरचा उतारा निवडून खोडायचा होता, मी कंट्रोल-ए आणि डिलीट दाबलं मागच्या कीबोर्डवर, आणि सवयीने लगेच कंट्रोल-एस. एका प्रकरणाचा सगळा मजकूर गेला. सीडीवर प्रत होती म्हणून वाचले, पण त्या दिवशी ठरवलं की आता हाताखाली एकच कीबोर्ड ठेवायचा.

पहिला प्रयोग स्विचचा. लहानशी डबी असते, तिला कीबोर्ड-माउस जोडायचे आणि डबीतून दोन वायरी दोन कॉम्प्युटरना. वरचं बटण दाबलं की कीबोर्ड एकाकडून दुसऱ्याकडे जातो. मॉनिटरसकट बदलणाऱ्याला केव्हीएम म्हणतात. माझे मॉनिटर वेगळे ठेवायचे होते म्हणून मी नुसता यूएसबी स्विच घेतला, बाजारातला साधा. कल्पना उत्तम आहे आणि सांगायलाच हवं की चांगल्या प्रतीचे स्विच हे काम नीट करतात. स्वस्त स्विचची अडचण अशी की बटण दाबलं की कॉम्प्युटरच्या दृष्टीने कीबोर्ड उपटला जातो आणि दुसऱ्यात नव्याने खुपसला जातो. दुसरा कॉम्प्युटर त्याला ओळखणार, मग सुरू होणार. दोन-तीन सेकंद. मॅकने तर सुरुवातीला ‘डाव्या शिफ्टच्या उजवीकडचं बटण दाबा’ अशी खिडकी उघडली. अनोळखी कीबोर्ड दिसला की तो असं विचारतो. महागड्या स्विचमध्ये दोन्ही कॉम्प्युटरना ‘कीबोर्ड लागलेलाच आहे’ असं भासवत ठेवण्याची सोय असते, त्यामुळे हा वेळ लागत नाही. घ्यायचाच असेल तर तसा घ्या.

त्या स्विचला चार खाचा होत्या. दोन रिकाम्या. एक्सपीच्या मागे यूएसबीच्या जागा कमी पडत होत्या म्हणून मी फॉन्टचं डोंगल त्या डबीत लावलं. मला वाटलं चांगलीच सोय झाली. दुपारी बटण दाबून मॅकवर गेले, परत आले, तर पेजमेकरमधलं पान उभं-आडवं चिन्हांनी भरलेलं. डबी कीबोर्डाबरोबर डोंगलही मॅककडे घेऊन गेली होती. फाइल बिघडली नव्हती, डोंगल पुन्हा मशीनला लावून सगळं बंद करून उघडल्यावर मजकूर परत आला, पण ती पाच मिनिटं मी खुर्चीत नुसती बसून होते. माझ्या धंद्यातल्या सगळ्यांना हात जोडून सांगते, डोंगल नेहमी थेट मशीनला लावा. स्विचमध्ये नको, हबमध्येही नको.

दुसरा प्रयोग सॉफ्टवेअरचा. हा माझ्या भाच्याचा आग्रह. म्हणाला, “मावशी, पैसे कशाला घालवतेस, हे फुकट होतं.” एका कॉम्प्युटरला कीबोर्ड-माउस जोडलेले, दुसऱ्यावर तेच सॉफ्टवेअर, आणि दोघं एकाच वायफायवर. माउसचा बाण लॅपटॉपच्या स्क्रीनच्या उजव्या काठावरून पुढे ढकलला की तो मॅकच्या स्क्रीनवर निघतो, आणि कीबोर्डही त्याच्यामागोमाग जातो. या जातीची सॉफ्टवेअरं बरीच जुनी आहेत. सिनर्जी २००१ सालचं, त्याच्यापासून पुढे बॅरियर, इनपुट लीप अशा शाखा फुटल्या, डेस्कफ्लोही त्याच घराण्यातलं. आम्ही त्यातलंच एक घातलं. एक्सपीवर ते चालणार नव्हतंच, पण उरलेल्या दोघांत तरी एक कीबोर्ड होईल म्हणून.

इंग्रजी लिहिताना मी खूश झाले. बाण अलगद सरकायचा, लॅपटॉपवर कॉपी केलेलं मॅकवर पेस्ट व्हायचं. मग मराठी सुरू केलं. क आला, र आला, काना आला. त्र आलाच नाही. क्ष आला नाही. रफार मध्येच गळाला. लॅपटॉपवर मराठी चालू ठेवून मॅकवर इंग्रजी ठेवलं, उलटं करून पाहिलं, दोन्हीकडे मराठी ठेवून पाहिलं. प्रत्येक वेळी वेगळंच काहीतरी. भाचा रविवारी येऊन दिवसभर बसला आणि संध्याकाळी त्याने मला जे समजावून सांगितलं, ते मला सव्वीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. या सगळ्या लिहिण्यातला तो गाभा आहे, म्हणून इथे जरा थांबते.

कीबोर्ड अक्षर पाठवत नाही. कीबोर्डला मराठी येत नाही तसं इंग्रजीही येत नाही. तो फक्त बटणाचा नंबर पाठवतो. ज्या बटणावर इंग्रजी ‘ए’ छापलेलं असतं त्याचा नंबर ४, ‘के’चा १४. शिफ्ट, कंट्रोल दाबलेलं आहे का, तेवढं सोबत. बस्स. १४ नंबर आला की त्याचं काय करायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. इंग्रजी चालू असेल तर के, इन्स्क्रिप्ट ही मराठीची मांडणी चालू असेल तर क, आणि माझ्या एक्सपीवर टाइपरायटरची मांडणी आहे म्हणून तिथे तिसरंच काहीतरी. भाषा कीबोर्डात नसतेच, ती प्रत्येक मशीनच्या पोटात असते.

आता सॉफ्टवेअरने जोडलेले दोन कॉम्प्युटर घ्या. तिथे बटणाचा नंबर आधी पहिल्या मशीनमध्ये जातो, तिथल्या मांडणीप्रमाणे त्याचं अक्षर होतं, ते अक्षर वायफायवरून दुसऱ्याकडे जातं, आणि दुसरं मशीन स्वतःच्या मांडणीत ते कुठल्या बटणावर आहे ते शोधतं. इंग्रजीला हे चालून जातं, कारण एक बटण म्हणजे एक अक्षर. इन्स्क्रिप्टमध्ये तसं नाही. शिफ्ट-७ दाबलं की क्ष येतो, म्हणजे क, हलन्त आणि ष, एका बटणातून तीन चिन्हं. शिफ्ट-६ चा त्र तसाच. शिफ्ट-४ चा रफार म्हणजे र आणि हलन्त. हे असे जोड वाटेत कुठेतरी सांडत होते. सेटिंग बदलून, नव्या आवृत्त्या घालून कोणाला जमत असेल तर त्यांना तो मार्ग मोकळा आहे. दिवसाला वीस-पंचवीस पानं जुळवणाऱ्याला एक रफार सांडणंसुद्धा परवडत नाही.

म्हणजे मला हवा होता असा कीबोर्ड, जो प्रत्येक मशीनशी स्वतः बोलेल, मध्ये कोणी दुभाषा नको. नंबर थेट त्या मशीनला, अक्षर त्या मशीनने करायचं.

असे कीबोर्ड ब्लूटूथचे मिळतात, एकाच वेळी तीन यंत्रांशी ओळख ठेवणारे. त्यातला खूप लोकांकडे दिसतो तो लॉजिटेकचा के३८०. २०१५ पासून बाजारात आहे, गोल बटणं, वरच्या रांगेतल्या तीन बटणांवर तीन यंत्रं, दोन बारीक सेलांवर चालतो. माझ्या भाचीकडे आहे, लॅपटॉप, टॅबलेट आणि फोन तिघांना वापरते आणि सुखात आहे. वजनाला हलका, पिशवीत जातो. मी तिच्याकडून दोन दिवस आणला होता. पण त्याला आकड्यांचा वेगळा पॅड नाही, आणि तिथे माझं अडलं. पेजमेकरमधल्या जुन्या फॉन्टांत काही जोडाक्षरं, काही विशिष्ट अर्धी अक्षरं बटणावर मिळतच नाहीत. आल्ट धरून नंबर पॅडवर शून्य आणि तीन आकडे असा कोड मारावा लागतो. माझ्या भिंतीवर त्या कोडांचा हाताने लिहिलेला तक्ता आहे, पिवळा पडलाय, बोटांना पाठ आहे तरी काढवत नाही. वरच्या रांगेतल्या आकड्यांनी ते कोड चालत नाहीत. शिवाय जुन्या मशीनला ब्लूटूथच नाही.

शोधत शोधत कीक्रोनच्या के१० वर आले. पूर्ण लांबीचा, नंबर पॅडसकट १०४ बटणांचा, मेकॅनिकल, म्हणजे प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्प्रिंगचा स्विच असलेला. ब्लूटूथवर तीन यंत्रं, आणि वर केबल लावूनही चालतो. हिशेब तिथेच जुळला: केबल एक्सपीला, ब्लूटूथचा एक नंबर मॅकला, दोन नंबर लॅपटॉपला. मला साडेआठ हजारांना पडला. कीबोर्डला साडेआठ हजार हे ऐकून घरी सगळे गप्प झाले. मी म्हटलं, सुतार रंध्याला पैसे घालतो की नाही?

बटणांचे तीन प्रकार मिळतात. लाल गुळगुळीत, निळं टकटक वाजणारं, तपकिरी मधलं. मी टायपिंगच्या क्लासात खऱ्या टाइपरायटरवर शिकलेली, मराठी तीस आणि चाळीसच्या सरकारी परीक्षा त्याच्यावर दिलेल्या. मन निळ्याकडे धावत होतं. पण शेजारी बसलेली मुलगी प्रूफ वाचते, तिच्या कानावर दिवसभर टकटक नको म्हणून तपकिरी घेतला. अर्ध्यावर दाबलं की बोटाला एक बारीक खळगा लागतो, तिथे अक्षर उमटतं. तळापर्यंत आपटायची गरज नाही. हे समजायला आठवडा लागला, आणि समजल्यावर बोटांच्या टोकांचं दुखणं थांबलं.

जोडणं सोपं आहे. एफएन आणि १ चार सेकंद दाबून धरायचं, मॅकच्या ब्लूटूथच्या यादीत नाव येतं, जोडायचं. एफएन आणि २ ने तसंच लॅपटॉपला. नंतर नुसतं एफएन-१ किंवा एफएन-२ टिचकीसरशी दाबलं की कीबोर्ड त्या मशीनकडे वळतो. कडेला एक छोटा खटका आहे, ब्लूटूथ, बंद आणि केबल अशा तीन जागांचा. केबल मी एक्सपीला कायमची लावून ठेवली आहे. खटका केबलवर सरकवला की एक्सपी, ब्लूटूथवर सरकवला की उरलेले दोन. एक्सपीला कुठलंही ड्रायव्हर मागावं लागलं नाही, त्याच्या दृष्टीने तो साधा यूएसबी कीबोर्ड आहे. मशीन सुरू होताना एफ८ दाबायची वेळ आली तरी केबलमुळे चालतं. ब्लूटूथ त्या वेळी जागंच झालेलं नसतं.

दुसरा खटका मॅक की विंडोज हे ठरवणारा. सगळेजण इथे गोंधळतात. मॅकवर कॉपी करायला कमांड-सी, विंडोजवर कंट्रोल-सी, आणि ही दोन बटणं एका जागी नसतात. प्रत्येक वेळी मशीन बदलताना हाही खटका बदलायचा म्हटलं तर दोन-दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. मी तो कायमचा विंडोजवर ठेवला आणि जो बदल करायचा तो मॅकमध्ये केला. सिस्टीम सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, त्यात मॉडिफायर कीज. तिथे कुठल्या कीबोर्डसाठी तेही निवडता येतं. के१० निवडून कंट्रोलच्या जागी कमांड आणि कमांडच्या जागी कंट्रोल केलं. आता डाव्या कोपऱ्यातलं एकच बटण तिन्ही मशीनवर कॉपी करतं, सेव्ह करतं, प्रिंट काढतं.

आणि या बदलातून एक गोष्ट आपोआप मिळाली. मॅकवर भाषा बदलायला मुळात कंट्रोल-स्पेस असतं. कंट्रोल आता विंडोजच्या बटणावर गेलं, म्हणजे विंडोजचं बटण आणि स्पेस. विंडोज ११ वर भाषा बदलायलाही विंडोज-स्पेसच लागतं. तेच दोन बटणं, तोच अंगठा, दोन्ही मशीनवर मराठी-इंग्रजी. माझ्या हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी दहा वेळा इकडून तिकडे जाऊन करून पाहिलं. दिवसातून शंभर-दीडशे वेळा होणारी हालचाल आहे ती. एक फरक मात्र राहिला. उघडे प्रोग्रॅम बदलायला विंडोजवर आल्ट-टॅब आणि मॅकवर आता कंट्रोल-टॅब. बोटं कधी कधी अजून चुकतात.

कामात हे कसं उतरतं ते सांगते. सध्या एका जुन्या प्रवासवर्णनाची दुसरी आवृत्ती चालू आहे. डावीकडे एक्सपीवर मूळ पान, उजवीकडे मॅकवर युनिकोडमध्ये बदलून आलेला मजकूर. बदलणारं सॉफ्टवेअर शंभरातली नव्याण्णव अक्षरं बरोबर आणतं. जे चुकतं त्यात सगळ्यात घातकी असतो तो आपला चंद्रकोरीसारखा अर्धा र. ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ असं मूळ पानावर, आणि उजवीकडे ‘सह्याद्रीच्या दर्या’. दऱ्यांचा समुद्र झाला. ‘आचाऱ्यांना बोलावलं’ म्हणजे स्वयंपाक्यांना, आणि तिकडे ‘आचार्यांना बोलावलं’. शोधा-आणि-बदला करता येत नाही, कारण पुस्तकात खरा दर्याही आहे आणि खरे आचार्यही आहेत. एकेक शब्द डावीकडे पाहायचा, उजवीकडे दुरुस्त करायचा. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट-जे ने नुक्त्याचा ऱ, मग हलन्त, मग य. बोटं मॅकवर, डोळे एक्सपीवर. जुन्या फायलीत काही शोधायचं असेल तर खटका केबलवर, टाइपरायटरच्या मांडणीत शब्द मारायचा, सापडला की परत. खुर्ची सरकवावी लागत नाही, हात उचलावा लागत नाही. दोन मांडण्या बोटांत वेगवेगळ्या आहेत, पण बटणांची उंची, अंतर, दाब एकच. पूर्वी मांडणी बदलायची आणि कीबोर्डही बदलायचा, तेव्हा दुप्पट चुका व्हायच्या. त्या माझ्या प्रूफात आता स्पष्ट कमी दिसतात.

आता ज्या गोष्टी घेण्याआधी माहीत असाव्यात त्या.

कीबोर्ड उंच आहे. मेकॅनिकल असल्यामुळे पुढची कडसुद्धा टेबलापासून चांगलीच वर येते, मनगट हवेत राहतं. नुसता तसाच वापरला तर मनगट दुखण्यासाठी घेतलेल्या औषधाने दुखणं वाढेल. मी गल्लीतल्या सुतारमामांकडून सागवानी पट्टी करून घेतली, दीड फूट लांब, चार बोटं रुंद, पुढून उतरती घासलेली. दीडशे रुपये. तिच्यावर तळहात टेकतो. ही पट्टी नसती तर मी या कीबोर्डला इतके चांगले गुण दिले नसते.

केबल-ब्लूटूथचा खटका लहान आहे, नखाने सरकवावा लागतो. मधे ‘बंद’ची जागा असल्यामुळे घाईत तो मध्येच अडकू शकतो. मी त्याच्या शेजारी टिकलीएवढा लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला आहे, केबलच्या बाजूला. कीबोर्ड कुणाकडे वळलेला आहे हे एका नजरेत कळावं म्हणून. तसंच मशीन बदललं की आधी एकदा बाणाचं बटण दाबायचं आणि कर्सर कुठे हलतो ते पाहायचं, ही शिस्त आम्ही दोघींनी लावून घेतली आहे. एक कीबोर्ड झाला म्हणून चुकीच्या मशीनवर हात पडण्याचा धोका पूर्ण जात नाही. तो कमी होतो, आणि उरलेला सवयीने सांभाळावा लागतो.

ब्लूटूथचे कीबोर्ड बॅटरी वाचवायला झोपतात. हा दहा मिनिटांनी झोपतो. चहा घेऊन आलं की आधी एक निरुपयोगी बटण दाबून उठवायचं, क्षणभर थांबायचं, मग लिहायचं. माझी केबल कायम लागलेली असल्यामुळे चार्जिंगची काळजी मात्र कधी करावी लागली नाही.

आणि माउस. कीबोर्डचा प्रश्न सुटला म्हणजे माउसचा सुटत नाही. मी मॅक आणि लॅपटॉपला मिळून एक, पोटाला बटण असलेला ब्लूटूथ माउस ठेवला आहे आणि एक्सपीला त्याचा जुना वायरवाला, डाव्या हाताला. डाव्या हाताने फक्त चाक फिरवून पान खालीवर करायचं असतं, ते महिन्याभरात जमलं. माउसही एकच हवा असा ज्यांचा हट्ट असेल त्यांनी चांगल्या प्रतीच्या स्विचकडे वळावं.

बटणांवर देवनागरी छापलेलं नाही. मला लागत नाही, पण मदतीच्या मुलीला लागतं. इन्स्क्रिप्टचे पारदर्शक स्टिकर आणून लावले. जुन्या टाइपरायटरच्या मांडणीचे लावले नाहीत, ती फक्त मी वापरते आणि ती बोटांत आहे. इन्स्क्रिप्टचा एक फायदा इथे सांगितलाच पाहिजे. १९८६ साली ती मांडणी ठरवताना सगळ्या भारतीय लिप्यांसाठी एकच ठेवली. जतकडची माणसं लग्नपत्रिका मराठी-कन्नड दोन्हीत करून घ्यायला येतात. लॅपटॉपवर कन्नड निवडलं की मराठी क च्या त्याच बटणावर कन्नडचा क येतो, ग च्या जागी ग, त च्या जागी त. मदतीच्या मुलीला कन्नड बोलता येतं, लिहिताना ती अडखळायची. मराठीचे स्टिकर पाहून ती आता कन्नड पत्रिका जुळवते. त्याच १४ नंबरच्या बटणाने.

कुणी घ्यावा? ज्यांच्याकडे एक जुनं, ब्लूटूथ नसलेलं मशीन आणि दोन नवी आहेत, रोजचं लिखाण भरपूर आहे, मराठीत आहे, त्यांनी जरूर घ्यावा. ज्यांचं लिखाण थोडं आणि फिरतीचं त्यांना के३८० पुरे. ज्यांच्याकडे फक्त मॅक आणि आयपॅड आहे त्यांनी काहीच विकत घेऊ नये. मार्च २०२२ च्या अपडेटपासून ॲपलने युनिव्हर्सल कंट्रोल दिलं आहे, दोन्हीवर एकच ॲपल खातं असलं की मॅकचा कीबोर्ड आयपॅडवर चालतो. ज्यांचे सगळे कॉम्प्युटर नव्या विंडोजचे आहेत त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टचं ‘माउस विदाउट बॉर्डर्स’ आहे, चार मशीनपर्यंत चालतं. २०२३ पासून ते पॉवरटॉइज या मायक्रोसॉफ्टच्याच साधनसंचात येतं आणि मोफत आहे. या दोन्हींवर मराठी लिहायचं असेल तर पहिल्याच दिवशी क्ष, त्र, ज्ञ आणि रफार चारही मारून पाहा. ‘क्षत्रिय’, ‘सूर्य’, ‘ज्ञान’, ‘दऱ्या’ हे चार शब्द नीट उमटले तर पुढे जा.

एक्सपीच्या जुन्या कीबोर्डला जांभळी गोल पिन आहे, पीएस-टू ची. तो मी भंगारात दिला नाही. पुसून, वायर गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटावर ठेवला आहे, वर मार्करने ‘जुन्या मशीनचा, टाकू नये’ असं लिहून. त्या मदरबोर्डाच्या यूएसबीच्या जागा एकेक करून मरत चालल्या आहेत. आता दोनच उरल्यात. एक डोंगलला, एक के१० ला.